पिठाचा कोंबडा आणि निंजा



यशोधर राजाची कथा आपण व्याख्यानात ऐकतो. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये ती ‘यशस्तिलक’मध्ये लिहिली. आईच्या आग्रहाखातर राजाने बळी दिला तो पिठाचा कोंबडा. तरी पुढच्या जन्मी तो मोर झाला, आई कुत्रा. रक्ताचा थेंब नव्हता, पण मारण्याचा भाव होता.

मग मोबाईलवरच्या निंजाचं काय? सुट्टीत मनमाडला आलेला नातू ब्राउझरमध्येच तो गेम उघडतो. वाड्याच्या दारात आपला निंजा, समोरून शत्रूंच्या लाटा. बोट फिरवलं की पाती सुटतात. लाट थोपवली की नाणी मिळतात, त्यांतून आणखी धारदार पाती घ्यायची.

“आजी, मी कुणावर चालून जात नाही, फक्त दार राखतो. मग पाप कसं?”

प्रश्न बिनतोड! श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची. स्वरक्षणातली विरोधी हिंसा संसारात पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रही मानतं.

मी गेम बंद केला नाही. म्हटलं, “दार राख. पण ‘वाचवतो’ जाऊन ‘मारतो’ची मजा वाटू लागली, तर कोंबडा पिठाचाच आहे म्हणू नकोस. मोबाईल खाली ठेव.”

परवा तो सातव्या लाटेला थांबला. का, ते मी विचारलं नाही.