हरवलेली कातर

आमच्या गोठ्याच्या खांबाला एक लोखंडी कातर टांगलेली आहे. कपड्याची नव्हे, पत्रा कापायची. लांबी चौदा इंच, त्यात पाती जेमतेम साडेतीन इंचांची आणि बाकी सगळे दांडे. वजनाला किलोच्या आसपास भरेल. येणारा-जाणारा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. पण या कातरीपायी मी सव्वीस वर्षं सख्ख्या भावाशी खोटं बोललो. आता साठी उलटली, लपवून काय करायचं? म्हणून लिहितो.

आमचे बाबा तरुणपणी मुंबईला होते. जयगडातले, आजूबाजूच्या वाड्यांतले निम्मे पुरुष तेव्हा मुंबईलाच असायचे. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. बाबा नळबाजाराच्या बाजूला पत्र्याच्या ट्रंका बनवायच्या एका कारखान्यात होते. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली आणि आठ-दहा माणसं. सकाळपासून रात्रीपर्यंत ठोकाठोक. आजोबा वारले आणि शेतीला माणूस राहिला नाही, तेव्हा बाबा नोकरी सोडून घरी आले. मी सहा-सात वर्षांचा असेन. तेव्हा मुंबईहून आगबोट यायची. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून धक्क्याला लागायची. पावसाळ्यात बोट बंद. बाबा शिमग्याच्या सुमारास आले. डोक्यावर ट्रंक, आणि ट्रंकेत दोन धोतरं, आईला एक लुगडं आणि ही कातर. मालकाकडून हिशेबाचे पैसे पूर्ण मिळाले नव्हते. त्या बदल्यात कातर दिली म्हणे. आई किती दिवस धुसफुसत होती, "लोकं मुंबैसून सोनं आनतात, ह्येंनी लोकंड आनलान."

पण त्या लोखंडानं आमच्या वाडीला पुष्कळ दिलं. घासलेटचे रिकामे डबे उभे चिरून बाबा त्याचे सपाट पत्रे करायचे. त्यातून माप, डोल, बोटीतलं पाणी उपसायची सुपली, दाराच्या तळाला उंदरासाठी पट्टी. माडावर उंदीर चढून कोवळे नारळ पोखरतो, म्हणून बुंध्याला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारतात. आमच्या वाडीतल्या माडांचे बहुतेक पट्टे बाबांच्या हातचे. पैसे कुणी द्यायचं नाही. कुणी दोन शहाळी, कुणी वाटाभर बांगडे. पुढे घराघराला पन्हळी पत्रे आले, आणि मग मे महिना लागला की बाबांना दम नसायचा.

पत्रा कापायचा म्हणजे जोर लागतो असं माणसाला वाटतं. तसं नाही. अडकित्त्यात सुपारी जितकी सांध्याजवळ धरावी तितकी सहज फुटते, टोकाकडे धरली तर निसटते. कातरीचंही तेच. पत्रा पार आत, मधल्या बोल्टाजवळ सरकवायचा आणि तिथं दाबायचं. दांडे लांब आणि पाती आखूड असतात ती याचसाठी. आणि तोंड कधी पूर्ण मिटायचं नाही. पाऊण दाबलं की पुढे सरकायचं. पूर्ण मिटलं की टोकापाशी पत्र्याला आडवा चिरा पडतो, आणि तोच चिरा मग बोटात घुसतो. पत्र्याचा गेज उलटा वाचायचा, आकडा मोठा तितका पत्रा पातळ. सव्वीसचा लोण्यासारखा जातो, चोवीसला जरा दम लागतो, बावीसला माणूस घामाघूम. कातरीने तार तोडायची नाही, खिळा तोडायचा नाही, पात्याला खाच पडते. धार लावताना बाहेरच्या उतारावरच कानस मारायची, आतली सपाट बाजू घासायची नाही. घासली की दोन पात्यांत फट राहते आणि पत्रा कापायच्या ऐवजी मधे दुमडतो.

हे सगळं मला तोंडपाठ. पण हे बाबांनी मला शिकवलं नाही. शिकवलं ते दादाला. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कातर त्याच्या हातात, आणि मी पत्रा धरायला.

धरायचं कामही साधं नसतं. दहा फुटी पन्हळी पत्रा एकट्याने कापता येत नाही. पन्हळीच्या दिशेने उभा कापला तर सरळ जातो, पण आडवा कापताना प्रत्येक पन्हळीच्या चढावर कातर अडते. तेव्हा धरणाऱ्याने कापलेली बाजू हळूच वर उचलायची, म्हणजे पात्याला वाट मिळते. कमी उचलली तर कातर अडकते, जास्त उचलली तर पत्रा मुरगळतो. गोणपाट हाताला गुंडाळून मी हे वर्षानुवर्षं केलं. दहावी झालो, लग्न झालं, तरी पत्रा आला की मी धरणारा. एकदा म्हटलंही, "बाबा, आज मी कापतो." बाबा म्हणाले, "तू धर. तुजा हात धरन्यात बरा हाय." त्यांनी ते चांगल्या अर्थाने म्हटलं असेल. मला मात्र ते लागून राहिलं.

१९९३ ला बाबा गेले आणि १९९५ ला वाटणी झाली. भांडण असं नाही झालं. चार जाणती माणसं ओटीवर बसली, चिठ्ठ्या टाकल्या. जमिनीचे तुकडे, हंडे-कळश्या, नांगर, बैल, सगळं कागदावर आलं. विहिरीजवळचं जुनं हापूसचं कलम दादाकडे गेलं. चिठ्ठीतच गेलं, त्यात त्याचा काय दोष? पण माझ्या मनात आलं, कलम त्याचं, थोरलं घर त्याचं, आता कातरही त्याचीच होणार. आदल्या रात्रीच मी ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर पेंढ्याखाली सारली होती. दुसऱ्या दिवशी विषय निघाला. दादाने विचारलं, "पत्र्याची कातर कुटं हाय?" मी म्हटलं, "कुनास ठाव. मेल्या पावसात कुनीतरी नेलान असंल." आई खांबाला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही.

अशी कातर हरवली.

आता गंमत ऐका. कातर मला मिळाली, पण ती वापरायची कुठे? आमची दोन घरं, मधे एक चिऱ्यांचा गडगा. पत्रा कापायचा आवाज लपत नाही. दादाचा कान त्या आवाजात तयार झालेला. एक कर्र ऐकली असती तरी त्याने ओळखली असती. सव्वीस वर्षांत मी ती वापरली असेन तीन-चार वेळा, तीही वर सड्यावरच्या काजूच्या बागेत, घरापासून लांब, चोरासारखी. तिथं धरायला कोण? दगड ठेवून पत्रा दाबायचा. कापलेली एक कड सरळ आली असेल तर शपथ. दसऱ्याला बाकीची अवजारं अंगणात पाटावर मांडून पूजा व्हायची. कोयता, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ. कातर वरच. रात्री सगळी निजली की मी माळ्यावर चढायचो, तिला खोबरेल चोळायचो, आपट्याचं एक पान ठेवायचो आणि परत झाकायचो. आमच्याकडे खारा वारा आहे, लोखंड तेलाशिवाय टिकत नाही. मी मनाला सांगायचो, वस्तू जपतोय.

दादाशी बोलणं होतं, पण कामापुरतं. गणपती मात्र एकच, थोरल्या घरात. ते पाच दिवस एका पंगतीला जेवायचो, आरतीत शेजारी उभे राहायचो. विसर्जन झालं की परत गडग्याच्या अलीकडे-पलीकडे.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं. भात खळ्यावर, आणि वादळ. खाडीत परक्या होड्यांची दाटी झाली होती. जयगडची खाडी आडोशाची, वादळ म्हटलं की बोटी आत येतात. पण सगळ्याच पोचल्या नाहीत. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं त्या दिवशी समुद्रावरून परत आली नाहीत. तसल्या दिवसांत पत्र्याचं दुःख कोण सांगत बसेल? दादाच्या गोठ्याचे सहा पत्रे उडाले. तो वाडीभर विचारत फिरला, "कुनाकडं पत्रा-कातर हाय काय?" माझ्या दाराशीही आला. मी भात झाकत होतो. मान न वळवता म्हटलं, "नाय बा."

मग त्याने छिन्नी आणि हातोड्याने पत्रे तोडले. छिन्नीने पत्रा कापला जात नाही, फाटतो. कडेला करवतीसारखे दाते राहतात. तसला एक पत्रा वाऱ्याने उलटला आणि दादाच्या उजव्या हाताच्या तळव्यातून गेला. अकरा टाके पडले. जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं अर्धं वाकडं राहिलं. मी त्याला बघायला गेलो. वहिनीने चहा दिला. तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

त्यानंतर खरं सांगून टाकणं आणखी अवघड झालं. आधी नुसती कातर लपवली होती, आता तिच्याबरोबर दादाची दोन बोटं होती.

मग तौक्ते आलं. १६ मे २०२१, रविवार. आंब्याचा शेवटचा माल झाडावर होता, तो सगळा खाली. आंब्यांचा खच पडला होता, घरात पाणी, आणि माझी पडवी आणि दादाची पडवी दोन्ही उघडी. पत्रे उडून कुठे बांधावर, कुठे माडाच्या मुळाशी मुरगळून पडलेले. लाईट गेली ती बरेच दिवस आली नाही. कोरोनामुळे दुकानं बंद, एस.टी. बंद, रत्नागिरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुतण्या लॉकडाऊनमुळे मुंबईहून घरीच होता. त्याच्याकडे ग्राइंडर होता, पण विजेशिवाय ग्राइंडर म्हणजे धोंडा. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला. एकच उपाय होता. उडालेल्या पत्र्यांची हुकापाशी फाटलेली टोकं कापायची आणि चांगला राहिलेला तुकडा आखूड छपराला वापरायचा.

मंगळवारी सकाळी गडग्यापलीकडून आवाज आला. ठण, ठण, ठण. छिन्नीचा. दादा तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. चार घाव मारायचा, थांबायचा. हातोडा वाकड्या बोटांत नीट बसत नव्हता, म्हणून घाव एकसारखे येत नव्हते. मी ओटीवर बसून ते मोजत होतो. बायको आतून बाहेर आली. तिला सगळं ठाऊक होतं, इतक्या वर्षांत तिने एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी म्हणाली, "आजून कितींदा आयकनार हायसा?"

मी माळ्यावर चढलो. पोतं काढलं आणि गडगा ओलांडून गेलो. चालताना मनात बरंच काय काय जुळवलं होतं, कुठे सापडली, कशी सापडली. दादासमोर उभा राहिलो आणि त्यातलं काहीच आलं नाही. पोतं सोडून कातर त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "दादा, ही हरवली नव्हती. म्या लपवलेली."

दादाने हातोडा खाली ठेवला. कातर उचलली. एक दांडा धरून दुसरा सोडला आणि तो कसा खाली येतो ते पाहिलं. बोल्ट बरोबर असेल तर दांडा सावकाश उतरतो, ढिला असेल तर धप्पकन पडतो. बाबा असंच बघायचे. मग पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "त्याल घालत व्हतास."

"व्हय."

बराच वेळ तो गप्प होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. तो रागावला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्याने पत्र्याला कातर लावून पाहिली. दोनदा दाबली. तिसऱ्यांदा दांडा बोटांतून सुटला. ती दोन बोटं मिटतच नव्हती. त्याने कातर माझ्याकडे केली आणि गोणपाट स्वतःच्या हाताला गुंडाळायला लागला.

"तू काप. मी धरतो."

त्या दिवशी आम्ही अकरा पत्रे कापले. सात त्याचे, चार माझे. पहिल्याच पत्र्यात मी तोंड पूर्ण मिटलं आणि चिरा पडला. दादा म्हणाला, "मिटू नको रं, बाबा काय सांगायचे?" आडवा काप आला की प्रत्येक पन्हळीवर तो कड उचलायचा, थोडी कमीच उचलायचा, कातर अडायची. पाच-सहा पत्रे झाल्यावर मी म्हटलं, "आजून वाईच उचल." तो हसला. म्हणाला, "धरायचं काम लय कठीन हाय की. तू कसा करायचास?"

मला बोलता आलं नाही. मी खाली बघून कापत राहिलो.

संध्याकाळी निघताना मी कातर त्याच्या ओटीवर ठेवली. तो ती उचलून माझ्या मागोमाग गडग्यापर्यंत आला आणि माझ्या हातात दिली. "न्हे. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. पन आता हरवू नको."

त्याला आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारलेलं नाही. आई काही बोलली होती का, तेही नाही. आई गेली, आणि दादाला विचारायचं माझं धाडस नाही. त्याची बोटं आहेत तशीच आहेत. माफी मागून ती सरळ होणार नाहीत.

कातर मात्र मी घरात नेली नाही. गडग्याला लागून माझा गोठा आहे, त्याला दादाच्या बाजूनेही दार आहे. तिथल्या खांबाला खिळा मारून तिथं टांगली, दोन्हीकडून हात पोचेल अशी. दसऱ्याला ती आता पाटावर असते. कुंकू दादा लावतो.