पाथुरे गिर्जा

गीतांजलीने हावड्याला उतरलो, सामान लॉजवर टाकलं आणि दुपारी राजभवनाजवळचं सेंट जॉन्स चर्च गाठलं. कोलकात्यात याला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणजे दगडी चर्च म्हणतात. गंगेच्या गाळावर वसलेलं हे विटांचं शहर. इथे दगडी इमारतीचं अप्रूप असणारच. हा दगड आणला गौडहून, बंगालच्या मध्ययुगीन राजधानीच्या अवशेषांतून. जमीन दिली महाराजा नवकृष्ण देव यांनी. १७८४ साली पायाभरणी झाली आणि लष्करी इंजिनिअर जेम्स ॲगच्या आराखड्यानुसार १७८७ मध्ये चर्च उभं राहिलं.

आवारातली दफनभूमी मात्र त्याहून जुनी. एका कोपऱ्यात अष्टकोनी घुमटीखाली ईस्ट इंडिया कंपनीचा एजंट जॉब चार्नॉक विसावलाय. १६९० साली तो सुतानुटीला, म्हणजे आजच्या कोलकात्यात, उतरला आणि दोन-अडीच वर्षांत वारला. थडग्याचा काळा दगड मद्रासजवळच्या पल्लावरमचा. भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी त्याचा अभ्यास करून त्या खडकाला ‘चार्नॉकाइट’ नाव दिलं. शहराचा संस्थापक हा चार्नॉकचा मान २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने काढून घेतला. खडकाला कोण हात लावणार?

त्याच छताखाली विल्यम हॅमिल्टनची शिळा आहे. या डॉक्टरने बादशहा फर्रुखसियरला दुखण्यातून उठवलं आणि कंपनीचं बादशाही दरबारात वजन वाढलं. १७१७ मध्ये तो गेला. शिळेवर इंग्रजीखाली फारसीही कोरलेली पाहून मी थबकलोच. साहेबाची थोरवी तेव्हा दरबारी भाषेतही सांगावी लागत होती!

सगळ्यांत रंगतदार कहाणी बेगम जॉन्सनची. या फ्रान्सिस बाईंनी चार लग्नं केली. चौथा नवरा पाद्री विल्यम जॉन्सन. हे चर्च उभारण्यासाठी त्यानेच खटपट केली, नंतर इंग्लंडला निघून गेला. बाई इथेच राहिल्या, त्यांच्या बैठकीत अवघं गोरं कलकत्ता जमे. १८१२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्या वारल्या. दफनभूमी केव्हाच बंद झाली होती, पण बाईंची जागा आधीपासून राखलेली होती.

बाकीच्यांना १७६७ पासून पार्क स्ट्रीटच्या नव्या दफनभूमीचा रस्ता धरावा लागला. दिवस मावळायला अवकाश होता. मीही तिकडे जाणारी बस धरली.