वूडवर्डचा रस्ता आणि सव्वाआठ इंचांची गाडी

काही शहरांची ओळख देवळाने होते, काहींची किल्ल्याने, काहींची बाजारपेठेने. अमेरिकेतल्या डेट्रॉईटची ओळख एका रस्त्याने होते. वूडवर्ड ॲव्हेन्यू हे त्याचे नाव. डेट्रॉईट नदीच्या काठावरून हा रस्ता निघतो आणि वायव्येला पॉन्टिॲक या गावापर्यंत जातो. लांबी सुमारे ४३ किलोमीटर. बेळगावहून निघून संकेश्वरच्या अलीकडे पोहोचावे, एवढीच. पण मोटारगाडीचा निम्मा इतिहास या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या मामेबहिणीकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. ताई आणि भावोजी रॉयल ओक या उपनगरात राहतात. भावोजी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मी इतिहास शिकवते हे ठाऊक असल्यामुळे पहिल्याच रविवारी त्यांनी गाडी काढली. म्हणाले, "नायगारा सगळेच बघतात. तू आधी वूडवर्ड बघ."

नदीकडून निघाले की थोड्याच वेळात डेट्रॉईटचे कलासंग्रहालय लागते. मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये रंगवलेली २७ भित्तिचित्रे तिथल्या एका दालनात आहेत. चित्रांत देवदेवता नाहीत, राजेही नाहीत. फोर्डच्या कारखान्यात वाकून, ताणून, ढकलून काम करणारे कामगार आहेत. २०१३ मध्ये डेट्रॉईट महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा संग्रहालयातला खजिना विकून कर्ज फेडावे अशीही चर्चा झाली होती. पुढच्या वर्षी मोठ्या देणग्या उभ्या राहिल्या आणि तो वाचला.

आणखी पुढे हायलँड पार्क. १९१३ मध्ये इथेच फोर्डने मॉडेल टी गाडीसाठी सरकती जुळणी-साखळी सुरू केली. माणूस गाडीकडे जायचा तो थांबला आणि गाडी माणसाकडे येऊ लागली. त्यानंतर 'सिक्स माईल' आणि 'सेव्हन माईल' या दोन रस्त्यांच्या मधला तुकडा येतो. १९०९ मध्ये इथे अमेरिकेतला पहिला एक मैल काँक्रीटचा महामार्ग झाला. मध्ये मध्ये ओसाड भूखंड, खिडक्या फुटलेल्या इमारती. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजारांवर आले होते. 'एट माईल' रस्ता ओलांडला की शहराची हद्द संपते, उपनगरे सुरू होतात आणि हिरवळ दिसू लागते.

तीनशे डॉलरची खुबी

वूडवर्डचा हा उपनगरी भाग साठच्या दशकात तरुणांच्या रात्रीच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध होता. सिग्नल हिरवा झाला की दोन गाड्या सुटत. आसपासच्या कंपन्यांचे इंजिनिअरही आपापल्या गाड्या घेऊन गुपचूप येत, असे सांगतात. त्या गाड्यांना अमेरिकन लोक 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. अंगाने मध्यम, पण पोटात दांडगे इंजिन, आणि किंमत अशी की कारखान्यातल्या तरुण कामगारालाही हप्त्यावर झेपावी. तालमीतला पोरगा अंगकाठीने बारीक दिसावा आणि त्याने मातीत उतरल्यावर भल्याभल्यांना लोळवावे, तसा हा प्रकार.

यातली पहिली गाडी म्हणून बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओचे नाव घेतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून पळवाट काढली. ३८९ घनइंचांचे इंजिन त्यांनी साध्या टेम्पेस्ट गाडीला 'जादा सोय' म्हणून जोडले. सुमारे ३०० डॉलर जास्त द्या आणि घेऊन जा. कंपनीला पाच हजार गाड्या खपतील असे वाटले होते. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या आणि १९६६ मध्ये जवळजवळ ९७ हजार.

पण ही मौज दहा वर्षांचीच. विम्याचे हप्ते वाढले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक झाला, १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७४ नंतर जीटीओ बंद झाली. २००४ ते २००६ अशी तीन वर्षे हे नाव पुन्हा आले, पण ती गाडी ऑस्ट्रेलियात बनून यायची. २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि २०१० मध्ये पॉन्टिॲक हे नावच पुसले गेले. ज्या गावावरून गाडीला नाव मिळाले ते गाव मात्र वूडवर्डच्या टोकाला अजून आहे.

शेजारचे आजोबा

ताईच्या शेजारी एक आजोबा राहतात, नव्हे, राहत होते. वय ऐंशीच्या घरात. १९६५ मध्ये विशीत असताना ते पॉन्टिॲकच्या जुळणी कारखान्यात लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी गडद निळी जीटीओ घेतली, आणि १९७३ च्या हिवाळ्यात, दुसरे मूल झाले तेव्हा, विकली. आजी गेल्या. डोळे अधू झाले, हातांना कंप सुटला. घर विकायला काढले होते आणि ऑगस्टअखेर मुलीकडे टेक्सासला जायचे ठरले होते. आयुष्याचे सामान दोन सूटकेसमध्ये बसवायचे होते. त्यांना एकच वस्तू नव्याने हवी होती. त्यांची गाडी. खरी घ्यायची तर आज हजारो डॉलर मोजावे लागतात. म्हणून १/२५ प्रमाणातली, प्लॅस्टिकची, स्वतः जुळवलेली.

उन्हाळ्यात तिकडे लोक घरातले नको असलेले सामान गॅरेजमध्ये मांडून विकतात. अशाच एका ठिकाणी भावोजींना जीटीओच्या किटचे फाटके खोके दहा डॉलरना मिळाले होते. दुकानात नवे किट त्याच्या तिप्पट किमतीला. पण आजोबांना चिमटा धरवेना आणि भावोजींना वेळ मिळेना. ताईने माझ्याकडे बोट दाखवले, "हिचा हात रांगोळीचा आहे." तिसऱ्या दिवसापासून दुपारी मी आजोबांच्या तळघरात जाऊन बसू लागले.

बेळगावच्या माणसाला हे काम परके वाटायचे कारण नाही. दिवाळीत गल्लीगल्लीत मातीचे किल्ले आपण करतोच. बुरूज केवढा आणि मावळा केवढा, याचे भान तिथेच येते. आमच्या लहानपणी मावळे बुरुजाहून उंच असायचे, ते सोडा. इथले गणित असे: खरी गाडी सव्वासतरा फूट, मॉडेल सव्वाआठ इंच. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे २५. त्यामुळे रंगाचा थर जाड बसला की गाडी रंगवल्यासारखी न दिसता लिंपल्यासारखी दिसते.

म्हणून आधी सगळे सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे. साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग साच्याच्या सांध्याची बारीक रेघ पात्याच्या पाठीने खरवडायची. प्रायमर प्लॅस्टिकला चालणारा घ्यायचा, नाहीतर प्लॅस्टिकच विरघळते. स्प्रेचा डबा पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक उडतो. पाणी कोमटच हवे, गरम नाही, आणि विस्तवाजवळ तर नाहीच. एकदम रंग न मारता चार-पाच विरळ हात द्यायचे आणि वाळेपर्यंत वर डबा पालथा घालायचा, म्हणजे धूळ बसत नाही. शेवटी दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासायचे आणि टूथपेस्टने चकाकी आणायची.

बारकाव्यांसाठी दुकानात महाग सामान मिळते. आजोबा त्याकडे बघतही नसत. खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्यांना चॉकलेटची चांदी पुरली. दारांच्या फटींत पातळ केलेला काळा रंग सोडला की दारे वेगळी दिसू लागतात. आतल्या गालिच्यासाठी ओल्या रंगावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि वरून पुन्हा रंगाचा हलका हात दिला. जुन्या इअरफोनच्या आतली तांब्याची तार इंजिनच्या आठ प्लगांना गेली. इंजिन निळे, कारण पॉन्टिॲकची इंजिने तेव्हा निळीच असत. धुराची नळी मात्र गंजकट तपकिरी, कारण ओतीव लोखंड तापून तापून तसेच होते. टायरची नवी झळाळी पॉलिशपेपरने मारली. सगळा हिशेब केला तेव्हा किट, रंग, गोंद, पाते धरून ३४ डॉलर झाले. तेव्हाच्या दराने आपले तीन हजारही नव्हते.

काम करताना आजोबा बोलत. शाळेत असताना त्यांनी 'फिशर बॉडी'च्या स्पर्धेसाठी लाकूड कोरून गाडी केली होती. जनरल मोटर्सच्या या शाखेने १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांसाठी ही स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची असे, पुढे स्वतःच्या कल्पनेतली १/१२ प्रमाणातली मोटार. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. त्यातली कितीतरी मुले पुढे मोटारींची डिझाइनर झाली. आजोबांना बक्षीस मिळाले नाही. कॉलेज झाले नाही, कारखाना झाला.

पाच नट

१७ ऑगस्टला 'वूडवर्ड ड्रीम क्रूझ' होती. फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी निधी हवा होता, म्हणून १९९५ मध्ये सुरू झालेली ही जुन्या गाड्यांची जत्रा आता दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरते. रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक सकाळपासून बसतात आणि हजारो गाड्या संथ चालीने पुढून जातात. आम्हीही आजोबांना घेऊन बसलो. त्यांना रंग नीट दिसत नव्हता, पण आवाजावरून गाडी ओळखत. उभ्या जोडदिव्यांची एक जीटीओ आली तेव्हा त्यांनी मालकाला हात केला. तो थांबला आणि अभिमानाने सांगू लागला, इंजिन किती अश्वशक्तीचे, रंगाला किती खर्च आला. आजोबा हळूच खाली बघून म्हणाले, "मागचे डावे चाक मी बसवले असेल."

त्यांचे काम तेवढेच होते. साखळीवरून गाडी समोर आली की मागच्या डाव्या चाकाचे पाच नट आवळायचे. मग पुढची गाडी. कित्येक वर्षे.

मॉडेलमध्ये तिथे नट नव्हते. चाकावर चकचकीत झाकण बसते, आतले दिसत नाही, म्हणून किट करणाऱ्यांनी ते दिलेच नव्हते. आजोबांना ते हवे होते. खरा नट १९ मिलिमीटरचा, म्हणजे आपला पाऊण मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान. भाग तोडून झाल्यावर प्लॅस्टिकची जी काडीची चौकट उरते, तिचा एक तुकडा मेणबत्तीवर धरला. मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी ओढला की केसासारखी तार निघते. हवी तेवढी जाड तार मिळायला सात-आठ वेळा ओढावे लागले. तिचे पाच काप केले. सुईच्या टोकावर गोंद घेऊन एकेक चाकावर ठेवला. आजोबा भिंग धरून बसले होते. प्रत्येक काप बसला की "पुढचा" म्हणत.

पाचवा बसला, वाळला. मग वर झाकण चिकटवले.

"आता कुणाला दिसणार नाहीत," मी म्हणाले.

"तेव्हाही दिसत नव्हते," ते म्हणाले. "गाडी त्यांच्यावरच चालायची."

ऑगस्टच्या शेवटी आजोबा गेले. गाडी त्यांनी सूटकेसमध्ये न ठेवता बुटांच्या खोक्यात कापूस घालून हातात धरली होती.

परत आल्यावर वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना मी या रस्त्याचे उदाहरण देते. आमच्या कॉलेजातल्या बऱ्याच मुलांचे वडील, काका उद्यमबागेतल्या फाउंड्रींमध्ये आहेत. बेळगावचे ओतीव भाग कुठल्या कुठल्या गाड्यांत जाऊन बसतात. "वडील काय करतात?" या प्रश्नाला पोरे "फाउंड्रीत असतात" एवढेच सांगतात, तेही खाली बघून. आता मी पुढे विचारते, "तिथे नेमके काय करतात?" बहुतेकांना माहीत नसते. घरी विचारून या, म्हणते.

गेल्या वर्षी एक मुलगा दोन दिवसांनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, बाबा कोअर बसवतात. ट्रॅक्टरच्या हाऊसिंगमध्ये जी पोकळी असते ना, ती राहावी म्हणून आत वाळूचा कोअर ठेवतात. ओतून झाले की तो फोडून काढून टाकतात." मग जरा थांबून म्हणाला, "काल त्यांनी मला तासभर सांगितले. कागदावर काढून दाखवले."

कागद त्याने सोबत आणला होता.