तांबड्या खडकावरची चिमुकली गाडी

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या दांडिया बाजारात पहिला प्रश्न हटकून विचारला जातो, "नायगारा पाहिलात ना?" मी ‘नाही’ म्हणून सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. सहा महिने तिकडे राहून मी एकच गाव मन लावून पाहिले, तेही दोनदा. त्या गावाचे नाव मोआब. आणि ते पाहिले एका हातभर लांबीच्या खेळण्यातल्या मोटारीमागून चालत. त्याचीच ही हकीकत.

माझे चिरंजीव यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटी येथे असतात. सौ. गेल्यानंतर बडोद्याच्या घरात मी एकटाच उरलो. सप्टेंबरात चिरंजीवांनी मला नेले ते ‘सहा महिने राहून पाहा’ असे म्हणून; पण घर विकून कायमचे तिकडेच यावे, हा त्यांचा हेतू मला ठाऊक होता आणि माझी नाखुशी त्यांना ठाऊक होती. उघडपणे कोणीच बोलत नव्हते. घरात तेरा वर्षांचा नातू. त्याला मराठी सगळे कळते, पण उत्तर मात्र इंग्रजीत. पहिले पंधरा दिवस आमचे संभाषण ‘जेवलास का?’ आणि ‘यस, आजोबा’ यापलीकडे गेले नाही.

एके दिवशी त्याच्या वाढदिवसाला आलेले खोके गॅरेजमध्ये उघडले गेले. आत शेकडो सुटे भाग : स्क्रू, बेअरिंगे, दातेरी चाके, सळ्या. दगडांवर चढणारी, रेडिओने चालणारी ती मोटार होती. खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची. माझा सारा जन्म लेथवर मुलांना शिकवण्यात गेलेला. कलाभवनाच्या आवारात वावरलेल्या माणसाला सुटे भाग दिसले की हात शिवशिवतात. मी स्टूल ओढून बसलो.

या मोटारींचा धर्मच निराळा. शर्यतीची गाडी वेगासाठी असते, ही चालते मुंगीच्या पावलाने. मोटरच्या आर्मेचरवर तारेचे वेढे जितके अधिक, तितका वेग कमी आणि जोर अधिक. म्हणून आम्ही ५५ वेढ्यांची मोटर निवडली. रस्त्यावरच्या गाडीत वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. पण दगडावर एक चाक अधांतरी झाले की सगळी शक्ती तेच गरगर फिरण्यात खर्च होते आणि गाडी जागच्या जागी राहते. म्हणून येथे दोन्ही चाके एकत्र जखडून टाकतात. वळायला मग जागा अधिक लागते, पण पकड सुटत नाही. टायरमध्ये हवा नसते, मऊ स्पंज असतो. दगडाच्या उंचवट्यावर रबर दबून बसते. स्प्रिंगांच्या नळ्यांत सिलिकोनचे तेल भरायचे, त्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. आणि धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला आटे धरून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाचा थेंब लावायचा, नाहीतर हादऱ्याने सगळे सुटते.

या छंदाचा इतिहासही नातवाने मला ऐकवला. १९८७ साली तामिया या जपानी कंपनीने ‘क्लॉड बस्टर’ नावाची मोठ्या चाकांची गाडी काढली. तिच्या दोन्ही आसांवर स्वतंत्र मोटर होती. ते आस काढून घेऊन हौशी लोकांनी स्वतःचे सांगाडे बांधले आणि दगड चढायला सुरुवात केली. तयार गाड्या पुष्कळ नंतर आल्या. म्हणजे मुळात हा जोडकामाचा खेळ.

गाडीचे कवच पारदर्शक प्लॅस्टिकचे असते आणि ते आतून रंगवतात, म्हणजे खरचटले तरी रंग जात नाही. नातवाने मला विचारले, "आजोबा, कलर?" मी सहज म्हटले, "आमच्या रिक्षेसारखा." दुसऱ्या दिवशी पाहतो तो जीप हिरवी आणि छप्पर पिवळे! सूनबाई हसून हसून बेजार झाल्या.

ऑक्टोबरात आम्ही मोआबला गेलो. सॉल्ट लेक सिटीहून पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता. डोंगर ओलांडून प्राइस गाव मागे टाकले की हिरवळ संपते. ग्रीन रिव्हर येईपर्यंत सगळे उजाड आणि करडे. आणि मग एकाएकी तांबडे डोंगर उभे राहतात. कोलोरॅडो नदीच्या काठी सुमारे चार हजार फूट उंचीवर वसलेले हे गाव पाच हजार वस्तीचे. १९५२ साली चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि या आडगावाचे दैव फळफळले. ती खाणींची धामधूम ओसरली. पण खाणवाल्यांनी पाडलेल्या वाटांवर लोक आता जीपगाड्या घेऊन येतात. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास येथे जीपवाल्यांचा मेळाच भरतो. गावाजवळच आर्चेस राष्ट्रीय उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक दगडी कमानी आहेत.

आम्ही गेलो गावाच्या पूर्वेच्या सॅण्ड फ्लॅट्स या पठारावर. येथील खडक म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या. दगड होऊन जागच्या जागी गोठलेल्या. वाऱ्याने रचलेले तिरपे थर अजून स्पष्ट दिसतात. जुन्या घोडेस्वारांनी याला ‘निसरडा खडक’ असे नाव दिले, कारण घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत. रबराच्या बाबतीत मात्र उलट : हात फिरवला तर खरखरीत पॉलिश पेपर! पूर्वेला ला साल पर्वताची शिखरे, खाली तांबडा सागर, आणि खडकावर सायकलवाल्यांसाठी मारलेल्या पांढऱ्या रेघा. खडकांच्या मधल्या वाळूवर काळसर, खडबडीत साय दिसते. ती जिवंत असते. सूक्ष्म जीव वाळूचे कण बांधून ठेवतात म्हणून तेथे रोपे रुजतात. एक पाऊल पडले तर ती साय सावरायला अनेक वर्षे जातात. म्हणून माणसाने आणि गाडीनेही खडकावरूनच चालायचे, हा नियम नातवाने मलाच शिकवला.

आमची रिक्षा-जीप ऐटीत निघाली. पण गुडघाभर उंचीच्या एका पायरीवर पुढची चाके उचलली, आणि गाडी कोलांटी खाऊन उताणी. चार वेळा तेच. पाचव्या वेळी नातवाने रेडिओ खडकावर आदळला आणि दूर जाऊन बसला. परतीच्या प्रवासात तो एक शब्द बोलला नाही.

रात्री मी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतला. पुढची चाके काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, मग उलट. पुढे १२५० ग्रॅम, मागे ११५०. चढावर सगळा भार मागे सरकतो. गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागच्या चाकांच्याही मागे पडला की गाडी उलटणारच. उपाय दोनच : भार पुढे न्यावा आणि खाली न्यावा. बॅटरी मागून काढून पुढे बसवली, तेव्हा १०० ग्रॅम पुढे गेले. उरलेला भार अगदी खाली, म्हणजे पुढच्या चाकांच्या आतच हवा. त्यासाठी पितळेच्या कड्या पाहिजेत. त्या विकतही मिळतात. पण नातू हळूच म्हणाला, "आजोबा, यू कॅन मेक देम, ना?"

शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांकडे लहानसा लेथ होता. ते इंचात बोलणारे, मी मिलिमीटरमध्ये; पण लेथपाशी उभे राहिल्यावर भाषांतराची गरज पडली नाही. अकरा वर्षांनी मी हत्यार लावत होतो. पहिली कडी बिघडली. चष्म्याने दगा दिला आणि आतले भोक मोठे झाले. माझा चेहरा पाहून नातू काही बोलला नाही, फक्त पितळेचा दुसरा तुकडा पुढे केला. ४४ मिलिमीटर व्यास, २६ चे भोक, १२ जाडी : काट्यावर बरोबर १०० ग्रॅम. त्यानंतरच्या कडीवर शेवटचा हात त्याने फिरवला. पुढे १५५०, मागे १०५०. म्हणजे शंभरातले साठ पुढे.

मार्चच्या आरंभी, माझ्या परतीच्या आठ दिवस आधी, आम्ही पुन्हा त्याच पायरीपाशी उभे राहिलो. पहिल्या खेपेस गाडी पुन्हा उलटली! नातवाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "बाळ, घाई केलीस. पुढच्या चाकांना दगड चाचपू दे." या वेळी त्याने चाके पायरीला टेकवून गाडी क्षणभर थांबवली. मग अगदी सावकाश जोर दिला. टायर दबले, पकडले, नाक वर आले, लटपटले, आणि रिक्षा वर! नंतर त्याने रेडिओ माझ्या हाती दिला. मी ती लगेच उलटवली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

तेथेच खडकावर बसून चिरंजीवांनी प्रथमच स्पष्ट विचारले, "बाबा, मग काय ठरवलंत?" मी सांगितले, की घर विकायचे नाही; पण दरवर्षी हिवाळ्यात मी येईन. ते काही वेळ डोंगराकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे." त्यांना ते ठीक वाटले नव्हते, हे मला कळले. नातू मात्र मराठीत म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी मागच्या आसाचं काम करू. लेथ मी चालवणार."

ती बिघडलेली पहिली कडी मी बडोद्याला घेऊन आलो आहे. हे लिहीत असताना पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ती त्यांवर ठेवली आहे.