न्याहारीचा कोको आणि डब्यावरची बारीक अक्षरं

दुधात मिसळायच्या तपकिरी पावडरीच्या डब्यावर धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलाचं चित्र दिसलं की मला अजूनही राग येतो. पुढे कोकोचं नाव करायचं आणि आत मुख्यतः साखर नि माल्ट भरायचं, हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. तरी घरोघरी सकाळचा कप तोच राहिला आहे. राग जास्त येतो, कारण खऱ्या कोकोत खरोखरच काही आहे. त्यातल्या फ्लॅव्हॅनॉल द्रव्यांमुळे, विशेषतः एपिकॅटेचिनमुळे, शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. पनामाच्या सॅन ब्लास बेटांवरच्या कुना लोकांमध्ये वय वाढलं तरी रक्तदाब वाढत नाही आणि ते भरपूर कोको पितात, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलनबर्ग यांनी दाखवलं. शहरात राहायला गेलेल्या कुनांचा रक्तदाब मात्र चढला. शहरात त्यांचं बाकीचं जगणंही बदललं होतं, तेव्हा एवढ्यावर कोकोला श्रेय देता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून चाचण्या बघायच्या. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 35 चाचण्यांचा मिळून रक्तदाब सरासरी 1.8 अंकांनी उतरलेला दिसतो. 2022 मध्ये आलेल्या 'कॉसमॉस' चाचणीत 21 हजारांवर वयस्क माणसं होती. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस फरक पडला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र 27 टक्क्यांनी कमी आढळले. पण त्यांना दिल्या होत्या कोको-अर्काच्या कॅप्सूल, गोड दूध नव्हे.

खरी मेख आहे ती अल्कलीत. नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन यांनी 1828 मध्ये कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पावडर नीट मिसळावी, कडवटपणा जावा म्हणून तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करायची पद्धतही त्याच घराण्याच्या नावाने रूढ झाली. या प्रक्रियेत फ्लॅव्हॅनॉल मरतात. 2008 च्या एका अमेरिकी अभ्यासात साध्या कोकोत ग्रॅममागे सुमारे 35 मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल होते, भरपूर अल्कली दिलेल्या कोकोत जेमतेम 4. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रक्तवाहिन्यांसाठी रोजची मात्रा 200 मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे एकीकडे सहा ग्रॅम पुरतात, दुसरीकडे पन्नास ग्रॅम लागतील. ती पन्नास ग्रॅम कोण पिणार? आणि गिऱ्हाईक फसतं ते रंगाला. अल्कलीची पावडर गडद, जवळजवळ काळी, चवीला मवाळ. साधी पावडर फिकट, लालसर, जिभेला तुरट-आंबट. गडद म्हणजे अस्सल असं वाटून माणूस नेमकी निकामी उचलतो. तेव्हा घटकांच्या यादीत अल्कली, आयएनएस 500 किंवा 501 दिसतं का, तेवढं बघा. साखर पहिल्या दोन-तीन घटकांत असेल तर डबा परत ठेवा.

दुधाने सगळा गुण जातो, असंही ऐकवतात. 2003 साली तसा दावा झाला होता, पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही. केळ्याचं मात्र खरं आहे. 2023 च्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात केळं घातलेल्या स्मूदीतून शरीरात पोचलेले फ्लॅव्हॅनॉल 84 टक्क्यांनी घटले होते. तेव्हा कोकोत केळं घुसळू नये. इथवर मी कोकोची बाजू घेतली, पण न्याहारीबद्दलच मला शंका आहे. कोको चहासारखाच अन्नातलं लोह अडवतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. अशा बाईने पोह्यांबरोबर कोको घेणं मला पटत नाही. तिने तो खाण्यापासून तास-दोन तास दूर ठेवावा. आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याने कोकोच्या भरवशावर ती बंद करू नये. 1.8 अंक म्हणजे औषध नव्हे.