ओळख

चेहरा ओळखणे ही आपल्याला फार सोपी गोष्ट वाटते. गर्दीच्या फलाटावरही आपला माणूस नुसत्या चालण्यावरून ओळखू येतो. पण हे कौतुक आपल्या माणसापुरतेच. जो चेहरा जन्मात एकदाच, तोही अंधुक उजेडात आणि गळ्याशी सुरा असताना पाहिला, तो कितीसा लक्षात राहावा?

1984 साली माझ्या मावशीकडे जबरी चोरी झाली. वीज गेलेली होती. एकजण मागच्या दाराने शिरला आणि तिच्या हातांतल्या पाटल्या उतरवून घेऊन गेला. महिन्याभराने एक तरुण पकडला गेला. तुरुंगात ओळख परेड झाली. वयाने नि अंगापिंडाने सारख्या माणसांच्या रांगेत त्याला उभे केले. समोर नायब तहसीलदार, पोलीस खोलीबाहेर. मावशीने त्याच्याकडे बोट दाखवले.

खटल्याच्या दिवशी मी तिला घेऊन कोर्टात गेलो. आरोपीच्या वकिलाने आवाज न चढवता विचारले,

"बाई, परेडच्या आधी ह्याला कुठं पाहिलं होतंत?"

"चौकीवर. जमादारांनी दाखवला होता."

"मग तुरुंगात ओळखलात तो चोर, की चौकीवर पाहिलेला माणूस?"

मावशी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? आता मला सांगता यायचं नाही."

पाटल्या सापडल्या नव्हत्या, दुसरा साक्षीदार नव्हता. आरोपी सुटला.

घरी मामा उसळले. "पाटल्या गेल्या त्या गेल्या, वर चोरालाही सोडवून आलीस!"

"तो चोर होता हे तुला ठाऊक, दादा. मला नाही," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढे अडॉल्फ बेकची हकीकत माझ्या वाचनात आली. 1896 साली लंडनमध्ये फसवणुकीच्या खटल्यात ह्या माणसाला एकीमागून एक बायकांनी शपथेवर ओळखले. त्या लबाड नव्हत्या; त्यांची खात्रीच होती. बेकने पाच वर्षे तुरुंगात काढली. 1904 मध्ये तो पुन्हा तसाच दोषी ठरला, आणि तेव्हा कुठे खरा गुन्हेगार हाती लागला. 1907 मध्ये इंग्लंडात फौजदारी अपिलांचे न्यायालय निघाले, त्याला हेही एक कारण झाले. बेकच्या खटल्यात मावशीसारखे "सांगता यायचं नाही" म्हणणारे कुणी भेटले असते तर!

अशा सुटकेला कोर्टाच्या भाषेत 'संशयाचा फायदा' म्हणतात. फायदा हा शब्द दुकानातला. ऐकणाऱ्याला वाटते, फिर्यादी बुडाला आणि आरोपीने कमावले. मावशीच्या पाटल्या बुडाल्या हे खरेच. त्या कधीच मिळाल्या नाहीत. तो तरुण निर्दोष होता की नव्हता, हेही मला आजतागायत ठाऊक नाही. पण आपला चेहरा कुणाच्या चेहऱ्याशी जुळत असेल, हे तरी आपल्यापैकी कुणाला ठाऊक असते? मला वाटते, त्या फायद्यात तुमचा-माझाही थोडा वाटा आहे.