चरणमाळच्या वाटेवरचा नाला

नवापूर स्थानकाचा फलाट काही महाराष्ट्रात, काही गुजरातेत. तिथून पिंपळनेरच्या रस्त्याने चरणमाळ घाटाकडे निघालो. मार्गशीर्ष लागला होता. भात खळ्यावर आलं होतं, तूर शेंगांनी वाकली होती. इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती पिकवणाऱ्या शेताला बहुधा पावसाखेरीज दुसरं पाणी नाही.

घाटाच्या अलीकडे रस्ता सोडून नाल्याच्या पात्रातूनच वर चढू लागलो. काठाला साग, ऐन, खैर, बांबूची बेटं. ओल धरून उंबर आणि जांभूळ. पाणी जेमतेम घोट्याइतकं, पण वाहतं. हा काळ्या पाषाणाचा डोंगर. पाऊस पुष्कळ पडतो आणि उतारावरून निघून जातो. मुळांनी, पाचोळ्याने जेवढा अडवला तेवढाच आता पायाखालून वाहत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये याच नवापूर तालुक्यात रंगावली आणि सरपणी या नद्या गावांत शिरल्या, माणसं दगावली. बोडक्या डोंगराखाली श्रावणात पूर आणि पौषात कोरडं पात्र, दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला येतात.

एका वळणावर मावची या आदिवासी समाजातल्या दोन बायका दगड उलथून खेकडे धरत होत्या.

"ताई, उन्हाळ्यात पाणी राहतं का?"

"वरचं आटतं. मग झिरा काढतो, भाऊ," थोरली म्हणाली.

वाळूत हात-दीड हात खड्डा. पाणी झिरपेल तसं वाटीने हंड्यात भरायचं; एका हंड्यापायी सकाळ सरते. तिच्या दिराचं घर बंद होतं. भात निघताच ते पोराबाळांसह ऊसतोडीला बारडोलीकडे गेले होते. नाल्यावर बंधारा असता तर हरभरा झाला असता, गेले नसते, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

खाली हेच पाणी रंगावलीतून उकाई धरणाच्या जलाशयात जातं. १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणात नवापूर तालुक्यातलीही गावं बुडाली. त्या पाण्यावर दक्षिण गुजरातचा ऊस उभा आहे, आणि तोच तोडायला इथली माणसं जातात. हे मला फार लागलं.

पाणी इथेच अडवायचं तर आधी डोंगरावरचं वन राखायला हवं. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो इथल्या प्रत्येक पाड्याच्या हाती प्रत्यक्ष पडावा, आणि नाल्यांवर माती भरलेल्या पोत्यांनी घालायच्या वनराई बंधाऱ्यांची कामं गावातल्याच हातांना, रोख मजुरीने, ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी मिळावीत.